आजोबांचा वॉल्व्ह रेडिओ: स्पीकर फाटलाय, कॅबिनेटही गेलंय. दुरुस्त करावा की आत ब्लूटूथ बसवून घ्यावा?

नवा स्पीकर घालू नका. आणि "आतलं सगळं काढून ब्लूटूथ किट बसवून देतो" म्हणणाऱ्या त्या माणसाला सेटला हातही लावू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की स्पीकरचा कागद दोन जागी फाटलाय, व्हिनियर कडेनं सुटलंय आणि सेट वीस वर्षं बंद आहे. यातलं काहीही सेट रिकामा करण्याइतकं मोठं नाही.

इतकं ठासून सांगते, कारण आमच्या घरात हेच झालं.

आमचा सेट फिलिप्सचा, लाकडी, हिरव्या डोळ्याचा, म्हणजे स्टेशन नीट लागलं की नाही दाखवणाऱ्या दिव्याचा. आमचे वडील, अण्णा, कराडजवळ शाळामास्तर होते, त्यांनी तो १९६२ साली घेतला. आत वॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि डोळ्याचा ईएम ८०. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तो फळीवरून खाली आला. दोन वॉल्व्ह फुटले आणि कॅबिनेटच्या उजव्या कोपऱ्याचा सुपारीएवढा टवका उडाला. वॉल्व्ह अण्णांनी साताऱ्याहून आणले. सेट पुन्हा बोलायला लागला तेव्हा लोक अजून घराबाहेरच झोपत होते, आणि संध्याकाळच्या बातम्यांना अर्धी आळी आमच्या अंगणात जमायची. पुढे सुतारानं कितीदा विचारलं, मास्तर, कोपरा भरून देऊ का? अण्णा नको म्हणायचे.

१९९४ मध्ये अण्णा गेले, सेट दादाकडे गेला. तोवर उंदरांनी स्पीकरचा कागद कुरतडला होता. दादानं सेट एका मेकॅनिककडे टाकला. परत आला तेव्हा आत मोटारीतला चार ओहमचा स्पीकर, मूळ स्पीकर वेगळा पिशवीत, कॅबिनेटवर मेलामाइन पॉलिशचा फवारा आणि अण्णांचा कोपरा पुट्टीनं बुजवून वर रंग. दादा खूश. नव्यासारखा झाला म्हणाला. आवाज पिचका झालाय, मी म्हटलं. तुझ्या कानाचा भास आहे, आवाजात काय फरक पडतो, तो म्हणाला. तीस वर्षं आमचा हा वाद चालू आहे.

भास नव्हता. स्पीकर चालवणारा वॉल्व्ह ईएल ८४. तो एकटा जास्तीत जास्त साडेपाच-पावणेसहा वॉट देतो, रोजच्या ऐकण्यात एखादाच. जुन्या स्पीकरचा कागद हलका असतो, तेवढ्यावर तो खोली भरून बोलतो. मोटारीच्या स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, जड असतो, त्याला ढकलायला वीस-तीस वॉटचा ॲम्प्लिफायर लागतो. वॉल्व्ह सेटला तो जोडला की आवाज कुठंतरी लांबून आल्यासारखा वाटतो. ओहम जुळले म्हणजे स्पीकर जुळला असं नसतं. त्या काळी कागद आणि लाकडी पेटी मिळून आवाज बसवलेला असायचा.

२०१९ मध्ये दादानं घर पाडायला काढलं तेव्हा सेट मी उचलून आणला. पिशवीही माळ्यावर सापडली. नोकरीची वर्षं टेलिफोन खात्यात गेल्यामुळे सोल्डरिंगचा हात होताच, पण स्पीकर कधी उघडला नव्हता. आधी दीड व्होल्टचा सेल कॉइलच्या, म्हणजे कागदाला चिकटलेल्या तारेच्या वेटोळ्याच्या, दोन टोकांना क्षणभर टेकवला. टक् झालं. त्या एका टक् साठी मी दोन दिवस धीर गोळा करत होते. कॉइल जिवंत असली तर बाकी सगळं हातचं काम आहे.

मग बोटांची टोकं कागदावर गोल टेकवून हळूच दाबलं. आत खरखर लागली, म्हणजे कॉइल चुंबकाला घासत होती. मधली टोपी ब्लेडनं सोडवली, स्पायडरचे, म्हणजे कॉइलला मधोमध धरणाऱ्या चकतीचे, स्क्रू सैल केले, फोटोच्या जुन्या निगेटिव्हच्या चार बारीक पट्ट्या फटीत चारी बाजूंनी उभ्या घातल्या, स्क्रू आवळले आणि पट्ट्या काढल्या. खरखर गेली. फाटलेल्या जागी पतंगाचा कागद. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून मऊ ब्रशनं लावायचं, कागद भोकापेक्षा सगळीकडून जवाच्या दाण्याएवढा मोठा ठेवायचा, मागून चिकटवायचा आणि एक दिवस हात लावायचा नाही. जाड कागद, चिकटपट्टी, रबर सोल्युशन यातलं काही वापरू नका, कोन जड होतो.

तुमची कॉइल टक् म्हणाली नाही तर आधी कागदावरून टर्मिनलकडे जाणाऱ्या तांब्याच्या वेण्या बघा, बऱ्याचदा त्याच तुटलेल्या असतात. खरंच कॉइल गेली असेल तर लाऊडस्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडून ती नवी घालून घ्या. पण चुंबक आणि चौकट तीच ठेवायला सांगा.

व्हिनियरचं सोपं आहे. जुन्या पेट्या बहुधा सरसानं चिकटवलेल्या असतात. ओलसर फडकं ठेवून कोमट इस्त्री फिरवली की सरस पुन्हा धरतो, वर वजन ठेवून रात्रभर सोडा. पॉलिश लाखेचंच करा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पुरचुंडीनं, पातळ हात, अनेक हात. दादाचं मेलामाइन खरवडायला मला तीन आठवडे लागले. शेवटी कोपऱ्यातली पुट्टी पटाशीनं काढली. खाली प्लायवूडचे थर आणि १९६७ चा तो खड्डा तसाच होता. त्याला फक्त लाखेचा हात दिला.

ब्लूटूथचं म्हणाल, तर सेटच्या मागे ग्रामोफोनचं सॉकेट असेल. तिथं मोबाइलची वायर जोडा, स्विच ग्रामवर करा, पाहिजे ती गाणी लावा. त्यासाठी आतलं काही कापावं लागत नाही. हे दादाला मी १९९४ मध्येच सांगितलं होतं, तेव्हा कॅसेट प्लेअरबद्दल.

आता धोक्याचं. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. सेट थेट प्लगमध्ये घालू नका. पहिल्यांदा सेटच्या मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये, म्हणजे वीज त्यातून होऊन सेटला जाईल असा, साठ वॉटचा जुना तारेचा बल्ब लावा, एलईडी नाही. त्याआधी पॉवर सप्लायचे कंडेन्सर बदला आणि ईएल ८४ च्या ग्रिडला (आवाजाचा सिग्नल जिथं आत येतो त्या टोकाला) जाणारा कपलिंग कंडेन्सर तर नक्कीच. तो गळका असला की ग्रिड पॉझिटिव्ह होते, वॉल्व्हची प्लेट लाल होते आणि मागोमाग ट्रान्सफॉर्मर जळतो. स्पीकर सोडवलेला असताना सेट चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये अडीच-तीनशे व्होल्ट राहू शकतात. डायलच्या काचेला मागून ओलं फडकं लावू नका, अक्षरं निघून येतात.

वॉल्व्हवरची नावं 'यू' नं सुरू होत असतील, यूसीएच ८१, यूसीएल ८२ अशी, तर वर सांगितलेली मोबाइलची वायर मुळीच जोडू नका. त्या सेटची चासी, म्हणजे आतली धातूची चौकट, सरळ मेन्सला जोडलेली असते, प्राणावर बेतेल. तो सेट जाणत्या माणसासमोरच उघडा.

खर्चाचा आकडा सांगत नाही, तो वॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर कसे निघतात त्यावर आहे. पुण्यात असाल तर सुटे भाग तपकीर गल्लीत बघा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला.

तो मोटारीचा स्पीकर मी टाकलेला नाही, कपाटात आहे. दादानं कधीही यावं, दोन्ही स्पीकर याच सेटला आळीपाळीनं जोडून दाखवते.