चार पुस्तकं आणि एक चुकलेलं उत्तर : सीसीएनएचं गाइड निवडताना

"मॅडम, पुस्तक चुकीचं निघालं तर तीनशे डॉलर पाण्यात."

बोलणारा मुलगा पंचवीस वर्षांचा. मूळ गाव मिरज, शिक्षण बीसीए, नोकरी हिंजवडीत डेस्कटॉप सपोर्टची, तीही रोटेशनल शिफ्ट. पगार हातात बावीस हजार. सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या सीसीएनए या प्रमाणपत्र परीक्षेची फी ३०० डॉलर अधिक कर, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या वर. एका महिन्याच्या पगारात न मावणारी परीक्षा द्यायची म्हटल्यावर पुस्तकावरून झोप उडणं साहजिक आहे. नेटवर्किंगकडे वळणाऱ्या बहुतेकांची पहिली चिंता हीच असते : गाइड कुठलं घेऊ?

त्याने टेबलावर तीन वस्तू मांडल्या. अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं जाडजूड सेकंडहँड पुस्तक, क्लासच्या स्पायरल बाइंडिंगच्या नोट्स आणि मोबाइलमधली एक पीडीएफ, मित्राने 'हेच प्रश्न येतात' म्हणून पाठवलेली. चौथी वस्तू अजून घेतलेली नव्हती : सिस्को प्रेसचं दोन खंडांचं अधिकृत गाइड. "ते घेऊ का? की एवढ्यावर भागेल?"

सेकंडहँड पुस्तकाचा निकाल कव्हरवरच लागला. त्यावर परीक्षेचा क्रमांक होता २००-१२५. ही परीक्षा फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाली आणि २४ फेब्रुवारी २०२० पासून २००-३०१ सुरू झाली. या मुलाने तीन महिने संध्याकाळी त्यातले ईआयजीआरपी आणि पीपीपी हे आता गळलेले प्रोटोकॉल घोकले होते. नव्या अभ्यासक्रमात राउटिंग प्रोटोकॉल (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत) म्हणून कॉन्फिगर करायला येतो तो सिंगल एरिया ओएसपीएफ. आणि जे नव्याने आलं, म्हणजे वायरलेस कंट्रोलरची मांडणी, डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन, रेस्ट एपीआय, जेसन, ते त्या जाड पुस्तकात शोधून सापडत नव्हतं. दुकानदाराने फसवलं असंही नाही. कव्हरवर 'सीसीएनए' होतं आणि पोराने तेवढंच पाहिलं.

इथे एक बारकावा आहे, तो पुष्कळांना माहीत नसतो. २००-३०१ हा क्रमांक तोच ठेवून सिस्कोने आतला अभ्यासक्रम बदलला, १.१ ही आवृत्ती २० ऑगस्ट २०२४ पासून लागू झाली. त्यामुळे क्रमांक जुळला म्हणजे पुस्तक ताजं, असं होत नाही. दुकानात उभ्या उभ्या ओळखायची खूण सोपी आहे : मागची सूची उघडायची आणि 'टेराफॉर्म' हे नेटवर्कची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनाचं नाव शोधायचं. असेल तर पुस्तक १.१ साठीचं असण्याची शक्यता बरीच. टेराफॉर्म नाही आणि पपेट, शेफ या तशा इतर साधनांनाच अँसिबलइतकी पानं दिली असतील तर ते आधीचं. दुसरी खूण स्पॅनिंग ट्रीच्या (स्विचमध्ये फेरे होऊ न देणाऱ्या प्रोटोकॉलच्या) धड्यात : रूट गार्ड, लूप गार्ड, बीपीडीयू फिल्टर यांचा उल्लेख आहे का? आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा नेटवर्क चालवताना होणारा उपयोग, निदान दोन-चार पानांत का होईना, आहे का? अधिकृत गाइडची दुसरी आवृत्ती २०२४ ची आहे, १.१ साठीची.

पण म्हणून १.० साठीचं पुस्तक रद्दीत घालायचं नाही. सबनेटिंग (मोठं नेटवर्क लहान भागांत तोडणं), व्हीलॅन, ट्रंक, ओएसपीएफ, एसीएल, नॅट हे सगळं तसंच आहे. मोठ्या भावाचं ते पुस्तक घरात पडून असेल, तर सिस्कोच्या साइटवरून विषययादी मोफत उतरवून घ्यावी आणि कमी पडणारे मुद्दे तिच्यावर खुणा करून वेगळे वाचावेत. २००-१२५ च्या पुस्तकाची अशी डागडुजी होत नाही. त्यात भरण्यापेक्षा गाळायचंच जास्त निघतं.

मग क्लासच्या नोट्स. त्याला विषययादीतले भाग आणि त्यांचं वजन कागदावर लिहायला सांगितलं : नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सर्व्हिसेस १०, सुरक्षेची मूलतत्त्वं १५, ऑटोमेशन १०. समोर नोट्सची पानं मोजून लिहायची. नोट्स १४० पानांच्या. ओएसआय या नेटवर्कच्या नमुन्याचे सात थर आणि केबलचे प्रकार यांनाच ४८ पानं, राउटिंगला ११, ऑटोमेशनला एक पान, त्यावरही नुसती व्याख्या. पानं मोजून पुस्तकाची किंमत ठरत नाही हे खरं. पण पाव परीक्षेला अकरा पानं हा हिशेब कुठेच बसत नव्हता. पोराचा चेहरा उतरला, कारण क्लासला त्याने फी भरली होती. त्यावर आम्ही काही बोललो नाही. नोट्स उजळणीला चालतील, एवढंच.

पीडीएफवर वेळ घालवला नाही, फक्त एक प्रश्न उघडला. १७२.१६.४५.१४ /३० हा पत्ता कुठल्या सबनेटमधला? पीडीएफमध्ये उत्तर होतं १७२.१६.४५.८. तीसचा मास्क म्हणजे पत्त्याच्या ३२ पैकी ३० बिट नेटवर्कचे, उरलेल्या दोन बिटांत चार पत्ते, म्हणून चार-चारचे गट : ०, ४, ८, १२, १६. चौदा पडतो बारा ते पंधरामध्ये. सबनेट १२, ब्रॉडकास्ट १५, वापरता येणारे पत्ते १३ आणि १४. "हे तुला येतंय, तरी तू त्याचं उत्तर पाठ केलंस?" तो हसला. अशा गोळा केलेल्या प्रश्नांमध्ये चुकीची उत्तरं असतात हा एक भाग. दुसरा असा की परीक्षेचे खरे प्रश्न बाहेर काढणं आणि वापरणं सिस्कोच्या करारात बसत नाही. सापडलं तर निकाल रद्द होतो, पुढे परीक्षेला बसायची बंदीही येऊ शकते. फी जाते ती वेगळीच.

आता राहिला खरा प्रश्न. बाजारात २००-३०१ ची, १.१ ची, चांगली म्हणता येतील अशी गाइडं एकाहून जास्त आहेत. त्यांतलं आपलं कुठलं? इथे परिचय, तारे, 'बेस्ट सेलर'चे शिक्के काही सांगत नाहीत. आमच्या अनुभवात एकच कसोटी टिकते : आधी एखादं उत्तर चुकवायचं, आणि मग आपण का चुकलो हे पुस्तक सांगतं का ते पाहायचं.

त्याच्याकडून ती करून घेतली. कागदावर राउटिंग टेबलच्या, म्हणजे राउटरजवळच्या रस्त्यांच्या यादीतल्या, दोन ओळी लिहिल्या. पहिली : १०.१.१.० /२४, स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेला. दुसरी : १०.१.१.१२८ /२५, ओएसपीएफने आलेला. पॅकेट निघालंय १०.१.१.२०० कडे. कुठून जाईल?

"स्टॅटिकने," त्याने झटकन सांगितलं. "स्टॅटिकचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स १, ओएसपीएफचा ११०."

चूक. आणि ही चूक फार जणांची होते. डिस्टन्स हा मार्गाच्या भरवशाचा आकडा, कमी तो सरस, हे खरं. दोनशे हा आकडा दोन्ही ओळींत बसतो. पण /२५ ची ओळ जास्त नेमकी आहे (प्रीफिक्स लांब, म्हणजे पत्त्याचे जास्त बिट जुळतात), म्हणून पॅकेट ओएसपीएफच्या रस्त्याने जातं. डिस्टन्सचा विचार केव्हा? जेव्हा हुबेहूब तेच नेटवर्क, त्याच प्रीफिक्स लांबीचं, दोन वेगवेगळ्या मार्गांनी राउटरला कळतं आणि त्यातला एकच रस्ता टेबलात घालायचा असतो. म्हणजे डिस्टन्स ठरवतो टेबलात कोण शिरणार. पॅकेट आल्यावर बघायची असते ती प्रीफिक्सची लांबी.

मग त्याला त्याच्याच पुस्तकांत याचं स्पष्टीकरण शोधायला लावलं. नोट्समध्ये डिस्टन्सचा तक्ता होता : कनेक्टेड ०, स्टॅटिक १, ईआयजीआरपी ९०, ओएसपीएफ ११०, रिप १२०. बस. त्याने तो तक्ता पाठ केला होता आणि चूक नेमकी तिथूनच आली होती! तक्ता बरोबर होता, तो कधी लावायचा ते लिहिलेलं नव्हतं. नंतर आमच्याकडच्या अधिकृत गाइडच्या प्रतीत तोच विषय काढला. तिथे टेबलाचा नमुना होता, एकमेकांत शिरणारे रूट होते आणि कुठला रूट का लागतो ते ओळीने मांडलं होतं. वाचायला त्याला वीस मिनिटं लागली. "हे कळलं," म्हणाला, "पण इंग्रजी जड जातं. दहावीपर्यंत मराठी मीडियम."

ही अडचण लपवण्यासारखी नाही आणि हलकीही नाही. सीसीएनएची परीक्षा मराठीत नाही, हिंदीतही नाही. आपल्यापुरती ती इंग्रजीतच द्यायची. पण म्हणून सोप्या इंग्रजीतलं पातळ गाइड घ्यावं, असं आम्ही म्हणत नाही. पातळ गाइडमध्ये वाक्यं सोपी असतात कारण मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात. ज्याला विषय नवा आहे त्याला त्याच पायऱ्या हव्या असतात. त्याला सांगितलं : एक पान वाच, पुस्तक मीट, आणि तेच मराठीत मोठ्याने सांग, रूममेटला नाहीतर भिंतीला. शब्द इंग्रजीच ठेव, 'नेक्स्ट हॉप'ला मराठी शोधत बसू नको. जिथे अडखळशील तिथे समजलेलं नाही. सुरुवातीला त्याची दीड तासात दहा पानं होत होती; महिन्याभराने तेवढ्यात सोळा-सतरा होऊ लागली.

तरीही अधिकृत दोन खंड सगळ्यांसाठी नाहीत. दोन्ही मिळून हजाराच्या बऱ्याच वर पानं होतात. चार-पाच वर्षं स्विच-राउटर हाताळलेल्या माणसाला त्यातलं निम्मं ओळखीचं असतं. त्याने एकखंडी गाइड आणि भरपूर सराव प्रश्न घेतले तर चालतं. ज्याला आयपी पत्ता म्हणजे काय इथपासून सुरुवात करायची आहे आणि सिस्कोचीच घाई नाही, त्याने आधी कॉम्पटिया या संस्थेचं नेटवर्क प्लस हे प्रमाणपत्र बघावं. तिथेही कव्हरवर एन१०-००९ हा क्रमांक हवा, तो २०२४ पासूनचा. एन१०-००८ ची परीक्षा त्याच वर्षाअखेरीस बंद झाली. आपल्या मिरजेच्या मुलाला मात्र पाया कच्चा आणि नोकरी नेटवर्क ऑपरेशन्सचीच हवी होती. त्याला दोन खंडच.

पण एकदम नाही. पहिला खंड घे, तो अर्धा झाल्याशिवाय दुसरा विकत घ्यायचा नाही, असं ठरलं. आठवड्याला तीन धडे : शिफ्टच्या दिवसांत रोज तास-सव्वा तास, सुटीच्या दिवशी तीन तास लॅब. लॅबसाठी पॅकेट ट्रेसर हा संगणकावरच राउटर-स्विच जोडून बघायचा सिम्युलेटर, जो सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीवर खातं उघडलं की फुकट मिळतो. परीक्षेत कमांड देऊन दाखवायचे प्रश्नही येऊ शकतात, त्यामुळे नुसतं वाचलेलं तिथे कामी येत नाही.

दुसऱ्या महिन्यात तो पुन्हा आला, तोंड पाडून. ओएसपीएफच्या लॅबमध्ये शेजारी राउटर दिसेना आणि त्याने निष्कर्ष काढला होता की पुस्तक बरोबर नाही. कुणीतरी यूट्यूबवरचा एक कोर्स सुचवला होता. तो पहिल्यापासून सुरू करायचा विचार होता. सगळ्यात जास्त अभ्यास इथे बुडतो. पुस्तक बदललं की माणूस पुन्हा पहिल्या धड्यावर जातो, ओएसआयचे सात थर चौथ्यांदा वाचतो, आणि अवघड धडा पुन्हा लांब राहतो. त्याला लॅब उघडायला लावली. दोन राउटर, मध्ये एक केबल. 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' दिलं की रिकामं. "पुस्तकात शेजारी न जुळण्याची कारणं कुठे दिली आहेत?" त्याने पान काढलं : सबनेट एक हवा, एरिया एक हवा, हॅलो आणि डेड टायमर (किती सेकंदांनी हाक द्यायची आणि किती वेळ हाक आली नाही की शेजारी गेला समजायचं) सारखे हवेत, राउटर आयडी वेगळे हवेत, इंटरफेस पॅसिव्ह नको. एकेक तपासत गेला. 'शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस'मध्ये एका बाजूला हॅलो १०, दुसऱ्या बाजूला ५. आधीच्या प्रयोगात त्यानेच बदलून ठेवला होता. टायमर पूर्ववत केला आणि काही सेकंदांत शेजारी 'फुल' झाला, म्हणजे पूर्ण जुळला. यूट्यूब कोर्सचं नाव पुन्हा निघालं नाही.

सराव परीक्षेचं एक सांगायला हवं. गाइडसोबत मिळणारे प्रश्न संपवायची घाई करू नये. तेच प्रश्न तिसऱ्यांदा सोडवून नव्वद टक्के मिळाले तर ती स्मरणशक्तीची परीक्षा झाली. आम्ही त्याला वहीत तीन रकाने आखायला लावले : माहीत नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. पहिल्या सराव परीक्षेनंतर त्याच्या बावीस चुकांपैकी नऊ मधल्या रकान्यात निघाल्या. 'कुठले दोन' विचारलं असताना एकच निवडला, 'नाही' हा शब्द सुटला. त्या नऊ चुकांवर दुसरं गाइड घेऊन उपयोग नव्हता. खऱ्या परीक्षेत वेळ १२० मिनिटं आणि पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे येता येत नाही, म्हणून सरावही तसाच करायचा : मागे जायचं बटण असलं तरी त्याला हात लावायचा नाही. नापास झालं तर पुन्हा बसायला किमान पाच दिवस थांबावं लागतं आणि फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. त्यामुळे आधी न सोडवलेल्या दोन सराव परीक्षा वेळेत आणि सलग चांगल्या गेल्याशिवाय तारीख घ्यायची नाही, हे त्याने स्वतःच भिंतीवर लिहून ठेवलं.

दुसरा खंड घ्यायला तो अप्पा बळवंत चौकात निघाला त्या दिवशी विचारून गेला, "मॅडम, ते जुनं दोनशे-एकशेपंचवीस परत विकून टाकू?"

त्यातल्या सबनेटिंगच्या धड्यामागची गणितं आधी सोडव, ती आजही तीच आहेत, असं त्याला सांगितलं. आणि विकताना घेणाऱ्याला कव्हरवरचा आकडा बोट ठेवून दाखव.