अर्ध्या गुंठ्यात वर्षभर भाज्या आणि फुलं कशी घ्यायची?

तुम्ही विचारलंय की घरामागं अर्धा गुंठा जागा आहे, भाज्या आणि फुलं दोन्ही हवीत, दोन वर्षं लावून बघितलं पण महिना-दीड महिना भाजी संपता संपत नाही आणि मग पुढं नुसतं गवत. आणि दोन्ही एकत्र लावलं तर चालतं का.

एकत्र चालतं, चालतं काय, एकत्रच लावा, त्याचं खाली सांगते. आधी दुसरं. माझ्या अंदाजानं तुम्ही आणलेली सगळी पाकिटं एकाच रविवारी पेरून टाकताय. मी सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या बाजूला राहते, आमची जागा पण एवढीच, पाच-साडेपाचशे स्क्वेअर फूट, आणि ११ वर्षं झाली त्यात करतेय. पहिली काही वर्षं सासूबाईंच्या हाताखाली, आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. त्या कधीच सगळी जागा एकदम भरू द्यायच्या नाहीत. एक वाफा तोडायला आलेला, एक नुकता उगवलेला, एक खत घालून मोकळा ठेवलेला, असं कायम फिरतं असायचं. मेथी २५-३० दिवसांत काढायला येते, मग सगळा वाफा एकदम पेरून करणार काय, शेजारपाजारी वाटून पण उरते आणि पुढच्या महिन्यात परत बाजारातून आणायची. दर दहा दिवसांनी चार-चार ओळी टाका. कोथिंबिरीचं पण तसंच, फक्त धणे चपलेखाली रगडून दोन फाके करायचे आणि रात्रभर भिजवायचे, नाहीतर पंधरा दिवस वाट बघत बसाल.

आता माती. इथं मी घाई केली आणि ती चांगलीच महागात पडली. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात अर्धवट कुजलेलं शेणखत मिळालं, स्वस्तात मिळालं म्हणून सगळ्या वाफ्यात पसरलं. ऑगस्टमध्ये वांग्याची झाडं दुपारी माना टाकायला लागली, पाऊस चालू, जमीन ओली, तरी सुकतायत. एक झाड सहज धरून ओढलं तर अलगद हातात आलं, खाली मुळंच नाहीत, जणू कुणी विळ्यानं कापलीत. वीतभर उकरलं तर पांढऱ्या जाड अळ्या, तपकिरी डोक्याच्या, कोयरीसारख्या वाकलेल्या. हुमणी, त्या कच्च्या खतातून आलेली. त्या एका वाफ्यात २२ निघाल्या, कोंबड्यांपुढं टाकल्या, पण वांगी गेली ती गेलीच. तेव्हापासून खत वर्षभर खड्ड्यात कुजू देते, हातात घेतल्यावर भुसभुशीत लागलं आणि शेणाचा वास गेला की मगच वापरते. आणि वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी अंधार पडल्यावर कडुनिंबावर भुंगेरे येतात, फांदी हलवून खाली पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्याच्या घमेल्यात टाकायचे. तेच पुढं जमिनीत अंडी घालतात, म्हणून हे काम चार-पाच दिवस न कंटाळता करा, शेजाऱ्यांनाही करायला सांगा.

पावसाळा हा परसबागेचा खरा काळ. मृग निघाला, म्हणजे ७-८ जूनच्या पुढं चांगला पाऊस झाला, की भेंडी, गवार, दोडका, पडवळ, कारली, दुधी टोकायची, कडेला आमच्याकडचा वाघ्या घेवडा, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा राजमा. वेलांना मांडव आधी करा, वेल वाढल्यावर मांडव करायला गेलं की शेंडे मोडतात. मोरीचं पाणी जातं तिथं अळू. आम्ही ऋषिपंचमी धरून चालतो, त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही ना, मग अळू, पडवळ, दोडका, भेंडी, माठ, मका सगळं खुरप्यावर पिकवलेलं, परसातलं. ज्या वर्षी त्या भाजीतलं काहीच विकत आणावं लागत नाही त्या वर्षी मला फार समाधान वाटतं.

दुधीचं खूपजण विचारतात की छोटी दुधी लागते आणि पिवळी पडून गळते. लगेच औषध मारू नका. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, आणि झडीच्या पावसात किडे-पाखरं फिरत नाहीत, मग फळ धरत नाही. साडेसहाच्या सुमाराला मांडवाखाली जा. ज्या फुलाच्या मागं नुसता लांब बारीक देठ ते नर, ज्याच्या मागं बोटाएवढी लवदार दुधी ते मादी. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकाच फिरवायचा. एका नरावर दोन-तीन माद्या होतात. धरली असेल तर दोन-तीन दिवसांत ती बारकी दुधी हिरवीगार राहून फुगायला लागते. लाल भोपळा, काकडी, कारली यांची फुलं मात्र सकाळची.

आता फुलं. फुलं आहेत म्हणून मधमाशा येतात आणि मधमाशा येतात म्हणून काकडी-भोपळा धरतो, म्हणून वेगळा कोपरा नको, वाफ्यांच्या मधेच लावा. झेंडू तर टोमॅटो-वांग्याच्या शेजारी हवाच, त्याच्या मुळांमुळं जमिनीतली सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे धाग्यासारखे बारीक जंत, कमी होते. झेंडूची तारीख मात्र इंग्रजी कॅलेंडरवर ठरवू नका. दसऱ्यापासून मागं तीन महिने मोजायचे, तेव्हा बी टाकायचं, महिन्याभरात रोप लावायला येतं आणि लावल्यापासून दोनेक महिन्यांत फुलं. २०२४ ला दसरा १२ ऑक्टोबरला होता, २०२५ ला २ ऑक्टोबरला, मी दोन्ही वर्षी एकाच तारखेला बी टाकलं आणि २०२५ च्या दसऱ्याला नुसत्या कळ्या, तोरणाला फुलं विकत आणली. रोप लावून महिना झाला की शेंडा खुडा, मन होत नाही पण खुडा, फुटवे चांगले येतात. तेरडा गौरीसाठी, तो एकदा आला की आपला आपण येत राहतो. शेवंतीच्या काश्या, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, मे-जूनमध्ये लावल्या की दिवस लहान झाल्यावर फुलते. मोगरा डिसेंबरमध्ये पानं काढून छाटायचा, चैत्रात ओंजळी भरतात.

हिवाळा सोपा आहे. हस्ताचा पाऊस सरला, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला, की वाटाणा, मुळा, गाजर, पालक, लसूण, कोबी-फ्लॉवरची रोपं, सगळं येतं, फक्त मावा, म्हणजे पानांवरचे बारीक रस शोषणारे किडे, आला की निंबोळी अर्क मारा. उन्हाळ्यात जागा निम्मीच ठेवा, गवार, चवळी, काकडी बास, आणि उसाचं पाचट मिळत असेल तर झाडांच्या बुडाशी चांगलं चार बोटं पसरा, पाणी बरंच कमी लागतं.

आणि प्रत्येक वेलावर पहिल्या बहारातलं एक चांगलं फळ बियाला सोडत जा. दोडका वेलावरच वाळू द्यायचा, हलवल्यावर आत खुळखुळ वाजला की काढायचा, बी राखेत घोळून डब्यात. आमचा दोडका आत्यांच्या माहेरचा आहे, बाजारातल्यापेक्षा आखूड पण चवीला गोड, त्या गेल्या तरी दरवर्षी मृगात तोच लावते. कोरेगावच्या आसपास कुठं असाल तर कळवा, मे संपायच्या आत मूठभर बी देईन.