ताई, मेल आला नाही अजून

ताई, नमस्कार. मी २४ वर्षांची, कर्वेनगरला राहते. एमए सायकॉलॉजी पुण्यातूनच झालं, दीड वर्ष एका शाळेत काउन्सेलर मॅडमच्या हाताखाली काम करतेय. अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीसाठी नऊ ठिकाणी अर्ज केलेत, बहुतेकांची डेडलाइन १ डिसेंबर होती आणि तेव्हापासून तू माणसात नाहीस असं आई म्हणते. इंटरव्ह्यूचं बोलावणं मेलवर येतं पण कधी येईल ते कोणी सांगत नाही. रात्री दीड-दोनला जाग येते आणि हात आपोआप उशीखाली जातो. परवा एक वाजून बारा मिनिटांनी मेल वाजला, सब्जेक्टमध्ये ‘अभिनंदन’, माझे हातपाय गार पडले, उघडला तर बँकेचं प्री-अप्रूव्ह्ड लोन. रडले मी ताई, लोनच्या मेलवर. त्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीला माझ्याच लिस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीतून बोलावणं आलं, म्हणजे तिथलं माझं गेलंच ना? फीचे पाऊण लाख बाबांनी भरलेत ते वेगळंच. आणि खरी लाज कसली वाटते माहितीये, शाळेत मी पोरांना सांगते की परीक्षेचं टेन्शन कसं हाताळायचं, श्वास कसा घ्यायचा, आणि मला स्वतःला त्यातलं काही म्हणजे काही लागू पडत नाहीये. मी कसली सायकॉलॉजिस्ट होणार?
*– झोप उडालेली, कर्वेनगर*

अगं, आधी ते शेवटचं घेऊ, कारण बाकी सगळं त्याच्याखाली दबलंय. दाताच्या डॉक्टरचा दात दुखला तर तो काय दवाखाना बंद करतो का? तुला भीती वाटते म्हणून तू या कामाला नालायक, हा हिशोब तू शाळेतल्या एखाद्या पोराच्या तोंडून ऐकला असतास तर लगेच पकडला असतास. मी तीस वर्षं या धंद्यात आहे आणि माझ्या मुलाचा बारावीचा निकाल लागायचा होता त्या सकाळी मी गॅसवर दूध ठेवून खाली भाजी आणायला गेले होते. पातेलं अजून आहे, काळं.

आता रात्रीचं बघू, ते नुसत्या गणिताने सुटण्यासारखं आहे. आत्ता थंडीत तिकडच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा आपण साडेदहा तास पुढे असतो आणि कॅलिफोर्नियापेक्षा साडेतेरा तास. म्हणजे न्यूयॉर्कचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, आणि कॅलिफोर्नियाचं पाचला बंद होतं तेव्हा इथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. थोडक्यात दिवसभर शाळेत बसून तू जो फोन दर दहा मिनिटांनी बघतेस तेव्हा तिकडे सगळे गाढ झोपलेले असतात, आणि सकाळी सातला एकदा बघितलंस तर त्यांचा अख्खा दिवस तुझ्यासमोर येतो. शनिवारी सकाळपासून सोमवार संध्याकाळपर्यंत तर त्यांचा वीकेंडच. एखादे प्रोफेसर रविवारीही मेल टाकतात म्हणा, पण तो काय सातला वाचता येत नाही? बोलावणं आलं की उत्तर द्यायला साधारण दोन-चार दिवस मिळतात, रात्री दीड वाजता वाचून कोणाला जास्तीची सीट मिळाल्याचं मी तरी ऐकलं नाही. तेव्हा सकाळी सात, आणि अगदीच राहवलं नाही तर रात्री दहा, स्पॅमसकट. नोटिफिकेशन बंद. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, आणि गजराला घरातलं जुनं घड्याळ काढ, सेल टाकून.

तू स्किनर शिकली आहेस ना? कबुतराने बटणावर चोच मारायची आणि दाणा मिळवायचा, यावर प्रयोग करणारा तो मानसशास्त्रज्ञ. मोबाइलची सवय म्हणजे स्लॉट मशीन असं सगळेच म्हणतात, पण तुझ्या मेलच्या बाबतीत ते बरोबर नाही. स्लॉट मशीन म्हणजे व्हेरिएबल रेशो, जितक्या जास्त वेळा ओढाल तितक्या जास्त वेळा बक्षीस लागतं. मेल म्हणजे व्हेरिएबल इंटरव्हल. दाणा वेळेवर पडतो, ती वेळ आपल्याला माहीत नसते इतकंच, आणि पन्नास वेळा चोच मारली म्हणून तो लवकर पडत नाही. फर्स्टर आणि स्किनरचं यावरचं पुस्तक १९५७चं, आणि त्यातलं कबुतरसुद्धा या शेड्यूलवर जरा निवांत, सावकाश चोच मारतं. तू कबुतरापेक्षा जास्त मारतेयस. (रागवू नकोस, पुण्यात कबुतरांवर बोलल्याशिवाय कोणाचं पान हलतं का.)

ग्रुपवरच्या मुलीचं म्हणशील तर क्लिनिकलच्या बऱ्याच पीएचडी प्रोग्रॅममध्ये मेंटर पद्धत असते हे तुला अर्ज करतानाच कळलं असेल, अर्ज युनिव्हर्सिटीला असला तरी निवड एकेका प्रोफेसरच्या लॅबसाठी होते. तिने ज्यांचं नाव लिहिलं त्यांनी सोमवारी बोलावलं आणि तू लिहिलेल्या बाईंनी अजून फाइलच उघडली नसेल, असंही होतं. काही जण तर ऐनवेळी यंदा विद्यार्थी घेणार नाही ठरवतात, त्यात तुझ्या एसओपीचा (अर्जासोबतच्या निबंधाचा) काडीचा संबंध नसतो. सात-आठ जागांना कित्येकशे अर्ज येतात, तेव्हा चांगल्या माणसांचं राहणं हे तिथे रोजचंच. पण खोटा धीर मी देणार नाही, बहुतेक बोलावणी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत जातात, त्यामुळे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातही एखाद्या ठिकाणाहून काही नसेल तर ते ठिकाण मनातून सोडायला लाग. नकाराचा मेल मार्चमध्ये येतो, कधी त्याही नंतर, त्याची वाट बघत बसू नकोस. जिथे इंटरव्ह्यू होईल तिथे मात्र वेटलिस्ट १५ एप्रिलपर्यंत हलत राहते, कारण स्कॉलरशिपसकट आलेल्या ऑफरला हो-नाही सांगायची तिकडची ठरलेली तारीख ती.

आणि शांत राहायचं जे टार्गेट तू स्वतःला दिलंयस ना, ते काढून टाक बाई. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला केट स्वीनी म्हणून एक प्राध्यापक आहेत, त्या वाट बघण्यावरच संशोधन करतात (असाही विषय असतो बघ, तुला पुढेमागे लागेल). त्यांनी वकिलीची परीक्षा देऊन चार महिने निकालाची वाट बघणाऱ्या मुलांना मधूनमधून प्रश्न विचारले, २०१६ साली ते छापून आलं. पॉझिटिव्ह विचार करणं, आधीच वाईटाची तयारी ठेवणं, विषय मनातून काढून टाकणं, असं मुलांनी सगळं करून बघितलं, आणि वाट बघतानाचा त्रास त्याने फारसा कमी झालाच नाही. उलट जी मुलं तेव्हा जास्त तळमळली त्यांना वाईट निकाल आला तर तो पचवायला सोपा गेला आणि चांगला आला तर आनंद जास्त झाला. म्हणजे तुझी तळमळ अगदीच फुकट चाललेली नाही. त्यांच्या नंतरच्या कामात एक गोष्ट उपयोगी दिसली, ज्यात हात आणि डोकं दोन्ही पूर्ण गुंततं असं काम, ज्यात वेळेचं भान राहत नाही. सिरीज बघणं त्यात नाही, सिरीज बघता बघता फोन बघता येतो.

मला हे त्या बाईंच्या कितीतरी आधी माझ्या मावशीने शिकवलं. साल १९९३, मी एका ट्रेनिंग कोर्सला अर्ज केला होता, मुलाखतीचं पत्र पोस्टाने यायचं. आमचा वाडा नारायण पेठेत, पोस्टमन साडेअकराला यायचे आणि मी अकरापासून दिंडी दरवाज्यात उभी, अख्खा वाडा मला हसायचा. संक्रांत जवळ आलेली, मामेभावाचं नवीन लग्न झालेलं, सुनेच्या दागिन्यांसाठी हलवा करायचा होता. मावशीने मला धरून शेगडीसमोर बसवलं. परातीत खसखस, खाली मंद निखारा, साखरेचा पाक चमच्या-चमच्याने सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचं. जास्त पाक पडला की गोळा, आच वाढली की साखर पिवळी, हात थांबला की काटा येत नाही. पहिल्या दिवशी तर काहीच दिसत नाही, नुसते पांढरे ओलसर दाणे. तिसऱ्या दिवशी दुपारी परात उजेडात धरली तर एकेका दाण्याला बारीक टोकं फुटलेली. बोटांची टोकं लाल झाली होती आणि पोस्टमन येऊन गेले ते मला कळलंही नव्हतं.

पत्र आलं नंतर. २१ तारखेला. मुलाखत १९ला होती. तारीख उलटून गेल्यावर पत्र टाकणाऱ्या त्या ऑफिसला मी आजही मनातून माफ केलेलं नाही, म्हणून म्हटलं स्पॅम फोल्डर बघत जा.

तू हलवाच कर असं नाही, पण हाताचं काहीतरी बघ. टेकडी चांगली पण टेकडीवर फोन नेतात लोक. आणि रोज अर्धा तास इंटरव्ह्यूची तयारी कर, बोलावणं येवो न येवो. आताशा बरेच इंटरव्ह्यू व्हिडिओवर होतात, म्हणजे तुला रात्री अकरा-बाराला ताजंतवानं दिसायचंय, त्यासाठी तरी झोप भरून काढ. तुझ्या रिसर्चबद्दल तीन मिनिटं न अडखळता बोलून बघ, आईला पुढे बसव, तिला कळलं तर प्रोफेसरला नक्की कळेल.

इथला रस्ताही कागदावर मांडून ठेव. ते हार मानल्यासारखं वाटतं, मला माहितीये. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, त्यासाठी आजवर सगळे दोन वर्षांच्या एम.फिल.कडे बघत आले, बंगळुरूचं निमहान्स, रांचीचं सीआयपी, आपल्या ससूनच्या आवारातली एमआयएमएच, अशा मानसिक आरोग्याच्या संस्थांमधल्या. पण यूजीसीने २०२२च्या नियमांत एम.फिल. मोडीत काढलं आणि या विषयाला २०२५-२६पर्यंतच मुदत दिली, त्यामुळे जाहिरात वाचताना कोर्सचं नाव काय आहे आणि त्याला आरसीआयची मान्यता आहे का हे आधी बघ, क्लासवाल्यांच्या पोस्टरवर जाऊ नकोस.

एवढं करूनही आठ-पंधरा दिवसांत झोप आलीच नाही, जेवण जाईना, शाळेत जावंसं वाटेना, तर मात्र कोणाला तरी भेट, तू सायकॉलॉजीची आहेस म्हणून टाळू नकोस. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. रात्री दीड वाजता बँकेच्या मेलपेक्षा तो बरा.

ताई, माझा मुलगा असाच परदेशच्या सायकॉलॉजीच्या ॲडमिशनची वाट बघतोय. काही विचारलं तर अंगावर येतो, नाही विचारलं तर म्हणतो तुला काही पडलेलंच नाहीये. आता हळदीकुंकवाला बायका विचारणार, झालं का त्याचं म्हणून. काय बोलायचं?
*– एक आई, सहकारनगर*

त्यालाच विचारा की, मी किती दिवसांनी विचारू? तो म्हणेल रविवारी. मग फक्त रविवारी विचारायचं, आणि मधल्या दिवसांत तोंडाने न विचारता चेहऱ्याने विचारायचं नाही, मुलांना ते जास्त लागतं. ‘होईल रे सगळं छान’ हे वाक्य महिनाभर बाजूला ठेवा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून तुम्ही ते म्हणता हे त्याला कळतं. त्यापेक्षा ‘फार लांबलं रे हे’ एवढंच म्हणा, आणि पुढ्यात काहीतरी खायला ठेवा. बायकांना सांगा, एप्रिलमध्ये कळेल. खोटं नाही ते, तारीख खरीच १५ एप्रिल आहे, आणि तोवर त्यांना दुसरा कोणीतरी सापडतो.

ताई, ज्यांच्याकडे अर्ज केलाय त्या प्रोफेसरना मेल टाकून विचारलं तर चालेल का? वाईट दिसेल का?
*– पिंपळे सौदागर*

आत्ता नको. जानेवारी संपू दे, मग प्रोफेसरना नाही, प्रोग्रॅमचं ऑफिस बघणाऱ्यांना एक मेल टाक, चार ओळींचा, त्यात आपली कहाणी नको. पण त्याआधी आज पोर्टलवर लॉगिन करून बघ की तिन्ही रेकमेंडेशन लेटर पोहोचलीत का. दरवर्षी एखादा तरी मुलगा मला भेटतो ज्याचं तिसरं पत्र सरांच्या ड्राफ्टमध्येच पडलेलं असतं, आणि हा इकडे महिनाभर नशिबाला दोष देत असतो. तसं निघालं तर सरांना मेल करू नकोस, फोन कर, आणि ते पाठवेपर्यंत लाइनवर राहा. आणि उशिराचं पत्र चालेल का, हे ऑफिसला विचारायला मात्र जानेवारी संपायची वाट बघू नकोस, आजच विचार.