जुनं लाकडी कपाट पहिल्यांदा रंगवताना

कपाट भंगारात न देता स्वतः रंगवायला घेतलंत, फार छान केलंत. सुरुवातीला लागेल तेवढंच सांगतो.

आधी लाकूड ओळखा. आतल्या बाजूला कोपऱ्यात थोडं घासून बघा. सागवान निघालं तर कृपा करून ऑइल पेंट लावू नका, पॉलिश करा. तसे रेषे पुन्हा मिळत नाहीत.

रंगवायचंच असेल, तर खरी मेहनत घासण्यात आहे. नवखे इथेच कंटाळतात, आणि मग रंगाचे पापुद्रे सुटतात. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, तोही रेषांच्या दिशेनेच. जुनी चकाकी सगळीकडून गेली पाहिजे. दाराच्या नक्षीत बोट फिरवा. गुळगुळीत लागलं तर तिथे जुनी चकाकी उरली आहे, अजून घासायचंय.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून तो वॉटर पेपरने (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) ओला करूनच घासा, चांगला मास्क लावा, मुलांना आसपास फिरकू देऊ नका. लाकूड पूर्ण वाळल्यावरच पुढचं काम.

बाकी नेहमीच्या चुका:
- प्रायमर (रंगाआधीचा पायाचा हात) गाळणं
- भेगांत भरलेली लांबी (पुट्टी) वाळण्याआधीच रंग लावणं
- एकच जाड हात मारणं. दोन पातळ हात द्या
- भर पावसाळ्यात काम काढणं

स्प्रे वगैरे नंतर बघू. आधी एक खण करून बघा, जमेल तुम्हाला.