सीटी नॉर्मल आहे, मग माणूस पूर्वीसारखा का नाही?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : मिस्टर जिन्यावरून पडले, बाहेरून खोक नाही, काही मिनिटं बेशुद्ध होते. सीटी स्कॅन नॉर्मल आला, दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. आता सहा आठवडे होत आले तरी डोकं दुखतं, गलका सहन होत नाही, सांगितलेलं विसरतात, क्षुल्लक गोष्टीवरून भडकतात. आणि घरचे म्हणतात, रिपोर्ट चांगले आहेत, आता नाटकं पुरे.

नाटकं नाहीत. मी डॉक्टर नाही, पण धाकट्या भावाच्या डोक्याला असाच मुका मार लागल्यापासून त्याचं सगळं मीच बघतोय, त्या अनुभवावर लिहितोय.

सीटीत रक्तस्राव दिसतो, कवटीचं फ्रॅक्चर दिसतं, मोठी सूज दिसते. पण डोकं आपटतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत हिसका खातो, पिळवटतो, आणि पेशींना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात. ते सीटीत येत नाही, साध्या एमआरआयमध्येही बऱ्याचदा येत नाही. कवटीचा तळ पुढच्या बाजूला खडबडीत असतो, त्यामुळे मार मागे लागला तरी कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग जास्त घासला जातो. राग आवरणं, कामाला हात घालणं, लक्षात ठेवणं, हे सगळं त्याच भागांकडे असतं. म्हणून हात-पाय धडधाकट आणि स्वभाव मात्र बदललेला, असं चित्र दिसतं.

डिस्चार्ज कार्ड काढून बघा. त्यावर ‘जीसीएस’ लिहिलेलं असेल. ग्लासगोच्या डॉक्टरांनी 1974 साली काढलेलं हे शुद्धीचं मोजमाप : डोळे उघडणं, बोलणं, हालचाल यांचे मिळून 3 ते 15 गुण. 13 ते 15 म्हणजे सौम्य, 9 ते 12 मध्यम, 8 किंवा कमी म्हणजे गंभीर. त्याहून उपयोगी एक प्रश्न मिस्टरांनाच विचारा : पडल्यानंतरचं सलग आठवायला कुठून लागतं? घरचे सांगतात म्हणून माहीत असलेलं धरायचं नाही. मधली कोरी पाटी जितकी लांब, तितका बरं व्हायला जास्त वेळ, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. वय साठीच्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मेंदूवर हळूहळू रक्त साठून त्रास कित्येक आठवड्यांनी सुरू होऊ शकतो. पहिला सीटी नॉर्मल असला तरी. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढतेय, झोपाळूपणा वाढतोय, सारखी उलटी होतेय, एका बाजूचा हात-पाय ढिला पडतोय, बोलणं अडखळतंय, फिट आली, यातलं काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सीत. वयाचं तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

उपचारांचं म्हणाल तर हे भरून काढणारी गोळी नाही. कुणी ‘सूज उतरायला स्टेरॉइड’ सुचवलं तर ऐकू नका : 2004 साली दहा हजारांवर रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त निघाले. बाकी लक्षण बघून उपचार. झोप आधी रुळावर आणायची, कारण ती बिघडली की बाकी सगळंच बिघडतं. कूस बदलताना गरगरत असेल तर तो बहुधा आतल्या कानातले बारीक कण जागेवरून सरकल्याचा प्रकार असतो. डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीनं वळवून तो बऱ्याचदा दोनचार मिनिटांत घालवतात, गोळ्या खात बसावं लागत नाही. वेदनाशामक रोज घेत असतील तर तेही सांगा. महिन्यात निम्म्याहून जास्त दिवस घेतल्यास गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवते.

आणि अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवू नका. पूर्ण आराम पहिले एक-दोन दिवस पुरे. मग सपाट जागी चालणं, थोडं वाचन, त्रास किंचित वाढला तर चालेल, पण बराच वाढला की थांबायचं. भाऊ बरं वाटलं की एका दिवसात सगळी कामं उरकायचा आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. शेवटी वहिनीनं स्वयंपाकघरातला टायमर त्याच्यासमोर ठेवला. वाजला की उठायचं, काम अर्धं राहिलं तरी. महिना गेला पटायला.

त्याचा वासही गेला होता, आम्हाला पत्ताच नव्हता. गॅसवर दूध जळून पातेलं काळं झालं, घरभर धूर, आणि हा शेजारच्या खोलीत शांत बसलेला. नाकातून मेंदूत जाणारे बारीक तंतू अशा हिसक्यात तुटतात. काहींचा वास परत येतो, काहींचा नाही. मिस्टरांना डोळे मिटायला सांगून कॉफीची पूड हुंगवून बघा. ओळखली नाही तर घरात गॅस गळतीचा अलार्म बसवून घ्या.

किती दिवस लागतील? सौम्य मारातून बहुतेक जण काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत सावरतात, थोड्यांचं लांबतं. गंभीर मारात पहिल्या सहा महिन्यांत वेग सर्वांत जास्त, पुढे मंदावतो, पण दोन वर्षांनंतरही सुधारणा दिसते. भावाची तशीच दिसली. तोवर दारू बंद, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी हातात नाही.

भडकण्याबद्दल एवढंच : त्या क्षणी वाद घालू नका, टीव्ही बंद करा, मुलांना दुसऱ्या खोलीत न्या. संध्याकाळी जास्त होतं ना? तो थकव्याचा परिणाम असतो, दुपारी अर्धा तास पडायला लावा. पुढच्या भेटीत एकट्यांना पाठवू नका, तुम्ही सोबत जा. आपल्यात काय बदललंय हे त्यांना स्वतःला दिसतच नसेल. सासूबाईंनाही घेऊन जा. न्यूरोलॉजिस्टच्या तोंडून ऐकलं की नाटकांचा विषय घरात निघत नाही. स्मरणशक्ती आणि एकाग्रतेची सविस्तर चाचणी न्यूरोसायकोलॉजिस्ट घेतात, तिची चिठ्ठी तेव्हाच मागून घ्या. कामावर अर्धा दिवस मागताना तोच रिपोर्ट उपयोगी पडतो.