हिमस्खलनात गेलेल्या मित्राचा देह मिळाला नाही. मालवणला त्याच्या आईला भेटायला जावं का? काय बोलावं?

जरूर जा, आणि त्याचं नाव घेऊन बोला. आमच्या किनाऱ्यावरच्या वस्तीत समुद्रात गेलेल्या, देहही न मिळालेल्या खलाशांची घरं आहेत; लोक नाव टाळतात तेच त्या आयांना सर्वांत जास्त लागतं. देह नसला की मन वाट बघणं सोडत नाही. ट्रेकचे फोटो न्या, तो कुणाची सॅक उचलायचा, तंबूत चहा कसा करायचा, ते सांगा. रडू आलं तर येऊ द्या, तुमचंही. फक्त शेवटच्या दिवसाचा विषय त्यांनी विचारल्याशिवाय काढू नका. पालाशविधीचा, म्हणजे पळसाच्या पानांचा देह करून अंत्यसंस्कार करण्याचा सल्लाही देऊ नका. तो निर्णय घरच्यांचा.