कुलूप काढायची मुदत कायद्यात नाही

प्रश्न : मी मालवाहू जहाजावर नोकरी करतो. चार वर्षांपूर्वी एक सिंगल प्लेयर गेम रीतसर विकत घेतला. त्यात डेनुवो आहे, म्हणजे नक्कल रोखायला गेमला लावलेलं, अधूनमधून इंटरनेटवरून पडताळणी मागणारं सॉफ्टवेअरचं कुलूप. या खेपेला बंदरातून निघता निघता लॅपटॉपवर विंडोजचं अपडेट बसलं आणि गेम 'इंटरनेटला जोडा' म्हणून अडून बसला, तो थेट पुढच्या बंदरापर्यंत. त्याच प्रकाशकाच्या दुसऱ्या गेममधून हे कुलूप वर्षभरात निघालं होतं. याला काही मुदत असते का? आणि पैसे मोजलेत, तर क्रॅक (कुलूप तोडलेली प्रत) वापरला म्हणून बिघडलं कुठे?

उत्तर : मुदत नाही. कॉपीराइट कायदा कुलपाला संरक्षण देतो, ते कधी काढायचं हे मात्र प्रकाशकावर सोडतो.

कुलूप निघतं ते धंद्याच्या हिशेबाने. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पहिल्याच आठवड्यात क्रॅक आला तर सरासरी २० टक्के उत्पन्न बुडतं. बारा आठवड्यांनी आला तर जवळपास काहीच नाही. 'डूम' हा गेम मे २०१६ मध्ये आला, डिसेंबरमध्ये त्यातलं डेनुवो गेलं. तुमच्या गेममध्ये ते चार वर्षं का आहे? माझा अंदाज विचाराल तर, काढण्याचं काम कुणाच्याच यादीत नाही. पण दुसऱ्या गेमचं कुलूप काढलं म्हणून तुमच्याही गेमचं काढावं, असा हक्क त्यातून मिळत नाही.

आता क्रॅक. इथे 'मी पैसे दिलेत' हे वाटतं तितकं भक्कम नाही. तुम्ही परवाना घेतलाय, आणि क्रॅक म्हणजे प्रकाशकाचीच फाइल फोडून तिसऱ्याने वाटलेली प्रत. टॉरेंटवरून उतरवलीत तर उतरवता उतरवता तुम्हीही ती इतरांना वाटत असता. हा भाग वकील म्हणून मला सर्वांत अवघड जातो. भारताच्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६५अ (२०१२) कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं, पण कॉपीराइट भंगाचा हेतू असेल तरच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अमेरिकेत हेतूचा हा आडोसा नाही. तिथे २०१५ पासून एक सवलत आहे, ती पडताळणीचा सर्व्हर कायमचा बंद पडलेल्या गेमसाठी. तुमचा सर्व्हर चालू आहे; तुम्हीच समुद्रात आहात. तेव्हा क्रॅकच्या वाटेला जाऊ नका.

तुमची खरी बाजू ग्राहक म्हणून आहे. खरेदीच्या वेळी दुकानाच्या पानावर डेनुवोचा आणि ऑनलाइन पडताळणीचा उल्लेख होता का? असेल, तर दावा लंगडा. नसेल, किंवा कुलूप मागाहून अपडेटमधून घुसवलं असेल, तर मात्र तक्रारीत दम आहे. कॅपकॉम या गेम कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या जुन्या 'रेसिडेंट एव्हिल रेव्हलेशन्स' या गेमला नवं संरक्षण चढवलं आणि ते अपडेट मागे घ्यावं लागलं. तेही कोर्टात न जाता.

पावती, त्या पानाचं जुनं रूप कुठे जपलेलं मिळालं तर ते, आणि अडलेल्या पडद्याचा तारखेसह फोटो जमवा. प्रकाशकाला ईमेलने दोनच गोष्टी विचारा : ऑफलाइन पडताळणीची सोय आहे का, आणि नसेल तर पैसे परत देणार का. उत्तर येईपर्यंत, पुढच्या खेपेला जहाजावर चढण्याआधी विंडोजची अपडेट्स थांबवा, नेट असतानाच गेम एकदा चालू करा आणि मगच लाँचर (ज्या ॲपमधून गेम उघडता ते) ऑफलाइन मोडवर टाका.